येसबा वस्ताद बसत नाहीत

तमाम वाचकांस या जाहीर निवेदनाद्वारे कळवण्यात येते की, खालील मजकूर लिहिणारी बाई पूर्ण शुद्धीवर आहे, तिने चष्म्याचा नंबर गेल्याच महिन्यात तपासून घेतला आहे, आणि ती कोल्हापूरची असली तरी या मजकुरात तिने तिखट चवीपुरतंच घातलं आहे. ज्यांना गणिताची भीती वाटते त्यांनी शेजारी कुणालातरी बसवून वाचावं. ज्यांना भुताची वाटते त्यांनी एकट्याने वाचलं तरी चालेल... कारण हे भूत होतं की काय होतं, हे मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

अनुभवांच्या या सदरात जो तो लिहितो, "माझा अशा गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता." अहो, माझा तर अविश्वास हा धंदाच होता! मी हौशी रंगभूमीवरची बाई. भूत स्टेजवर कसं आणतात ते मला विचारा. पांढरी साडी, हिरवा दिवा, विंगेत धूर काढणारा एक माणूस आणि त्याला खोकला येऊ नये म्हणून खडीसाखर. एका प्रयोगात तर मीच भूत होते आणि पायाला मुंग्या आल्या म्हणून लंगडत अदृश्य झाले होते. त्यामुळे कुणी अनुभव सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असायचा – दिवा कुठून मारला होता?

तर ही गोष्ट दिव्याशिवायची. भर दुपारची. साल दोन हजार तीन.

आमचा कॉम्प्युटर क्लास मंगळवार पेठेत होता, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. सहा कॉम्प्युटर, चौदा इंची डबडे मॉनिटर, आणि सगळ्यावर पिठाची पातळ साय. खाली गिरणी सुरू झाली की वर माऊस आपोआप थरथरायचा. माझे यजमान, दिलीपराव, प्रोग्रॅम लिहायचे. मशीन बिघडलं की त्यांचं एकच निदान असायचं – "पीठ गेलं असेल."

त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की दहावीच्या गणिताची एक सीडी काढायची. पडद्यावर एक मास्तर, शेजारी फळा, मुलानं उत्तर टाइप करून एंटर दाबलं की मास्तर चूक की बरोबर ते सांगणार. पहिला मास्तर त्यांनी कुठल्यातरी तयार चित्रसंग्रहातून उचलला. टाय लावलेला, गुलाबी गालांचा, सदान्‌कदा हसणारा. आणि हात! तो माणूस बोलताना असा हात हलवायचा की जणू रंकाळ्यावर भेळेवरच्या माशा मारतोय. मुलांना मजा यायची, पण गणित काही यायचं नाही. मी मागं उभी राहून बघायचे. पोरांची नजर फळ्यावर नसायचीच, त्या हातावर असायची. उत्तर चुकलं तरी तो हसायचा, बरोबर आलं तरी हसायचा. मग पोरांनी कशाला काळजी करावी?

मी दिलीपरावांना म्हटलं, "अहो, हात कधी हलवायचा नाही हे ज्याला कळलं, तो नट. हा तुमचा मास्तर पहिल्याच अंकात पडला. ह्याला आधी उभं राहायला शिकवा."

"तू नाटक कर, मी प्रोग्रॅम करतो," ते म्हणाले. मग दोन दिवसांनी हळूच, "उभं कसं राहायचं असतं गं?"

उत्तर आपल्या पायानं जिना चढून आलं.

वैजू नावाची मुलगी आमच्याकडं प्रवेश घ्यायला आली होती. दहावीत दोनदा बसलेली, दोन्ही वेळा फक्त गणितात गेलेली. तिचा बाप संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी आणून ग्लासात धारोष्ण दूध विकायचा. त्यानं सांगून टाकलं होतं, "आक्टोबरात पास झाली तर नर्सिंगला. न्हायतर म्हशी हायतच." वैजूला नर्स व्हायचं होतं. म्हशींबद्दल तिचं वाईट मत नव्हतं, पण सुई टोचायचं तिला फार आकर्षण होतं.

तिच्याबरोबर आला होता तिचा आजा, येसबा वस्ताद. जवळच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे. पांढरा शर्ट, धोतर, डोक्याला फेटा, फुटलेले कान, आणि देवळाच्या खांबासारखा माणूस. मी खुर्ची दिली.

"बसा की वस्ताद."

"न्हाय बसत."

"अहो, तासभर लागेल."

"पट्ठ्या आखाड्यात हाय तवर वस्ताद बसत न्हाय, बाई. बसला म्हंजे त्येच्या मनातली काळजी गेली."

आणि ते भिंतीला न टेकता, हाताची घडी घालून, वर्गाच्या मागं उभे राहिले. आता ऐका. त्या वर्गात एरवी मासळी बाजार असायचा. त्या तासाला टाचणी पडली असती तर तिलाही शरम वाटली असती. वस्ताद एक शब्द बोलले नाहीत. एकदा फक्त एका पोराकडं बघून त्यांनी हनुवटी फळ्याकडं वळवली. पोरगं फळ्याकडं बघायला लागलं! मी दिलीपरावांना कोपरानं ढोसलं. "हा घ्या तुमचा मास्तर."

वस्तादांनी मानधन घेतलं नाही. अट एकच, की नातीला पास करा. मग आम्ही कुणाचातरी डिजिटल कॅमेरा मागून आणला आणि त्यांचे फोटो काढले. दिलीपराव त्यावरून कॉम्प्युटरवर रेषा काढून चित्र हलतं करणार होते. हालचाली ठरवल्या मी. मी कसल्या ठरवते, त्यांच्याच होत्या. मूल विचार करतंय तोवर हाताची घडी. अडलं तर हनुवटी फळ्याकडं. चुकलं तर दोन बोटांत माती चोळल्यासारखं करायचं आणि खाली बघायचं, कारण तालमीत पोरगं चितपट झालं की ते तसंच करायचे. आणि बरोबर आलं की शड्डू. मांडीवर अशी खणखणीत थाप की कॅमेरावाला दचकला. आणखी एकदोन बारीकसारीक, मिळून सहा.

दिलीपरावांना सातवी हवी होती. धडा संपला की गुरुजी खुर्चीत बसले, असा शेवट.

"बसायचा फोटू न्हाय," वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, नाटकातलं बसणं," मी म्हटलं.

"नाटकात बी न्हाय. वैजी पास झाल्याबिगर न्हाय."

दिलीपरावांनी चित्रात फळ्याशेजारी एक खुर्ची काढून ठेवलीच. म्हणाले, वर्ग म्हटला की खुर्ची पाहिजे. वस्तादांनी तयार सीडी बघितली, स्वतःला पडद्यावर शड्डू ठोकताना बघून मिशीत हसले, मग त्या रिकाम्या खुर्चीकडं बराच वेळ बघत राहिले. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले.

सीडीचा असर विचारू नका! जो माणूस हलत नाही, तो हलला की पोरं श्वास रोखून बघतात. एका शड्डूसाठी पोरं पाच-पाच गणितं सोडवायची. एका शाळेचे हेडमास्तर तक्रार घेऊन आले – "तुमची सीडी दाखवली तेव्हापासून उत्तर बरोबर आलं की सगळा वर्ग मांड्या बडवतोय. शाळा आहे का तालीम?" मी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "पण उत्तरं बरोबर येतायत ना?"

वैजूचं मात्र गाडं ढकलत चाललं होतं. आणि मग ऐन श्रावणात वस्ताद गेले. तालमीत, लाल मातीच्या हौदाच्या काठावर, एका पोराचे जोर बघता बघता. पोरं सांगत होती की पडलेसुद्धा नाहीत, आधी खांबाला टेकले. उभ्या उभ्याच गेले. वैजूची आजी, हौसाआजी, रडता रडता म्हणत होती, "आयुष्यभर बसलं न्हाईत वो. लग्नात पाटावर बसवाया चार माणसं लागली व्हती."

तोपर्यंतची गोष्ट ही अशी, हसण्यावारी नेण्यासारखी. इथून पुढं मी जरा सावकाश लिहिते.

दिवसकार्य झाल्यावर वैजू परत यायला लागली. खिडकीजवळच्या मशीनवर बसायची. मला वाटलं होतं पडद्यावर आजा दिसला की पोरगी रडेल. उलट ती शांत व्हायची. आणि तिची उत्तरं बरोबर यायला लागली. एकदम. एका पाठोपाठ एक, शड्डूवर शड्डू. मी खूश. एका दुपारी कौतुकानं तिच्या मागं जाऊन उभी राहिले.

फळ्यावर समीकरण होतं. वस्ताद हाताची घडी घालून उभे. वैजूनं सात टाइप केला. एंटरवर बोट नेलं... दाबलं नाही. आणि पडद्यावर वस्तादांची दोन बोटं एकमेकांवर चोळायला लागली.

तिनं सात खोडला. पाच टाइप केला.

वस्तादांचा हात मांडीजवळ आला आणि तिथंच थांबला. हवेत. वाट बघत.

मग तिनं एंटर दाबलं. थाप वाजली.

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी कुठं ठेवला ते मला आठवत नाही, नंतर तो कपाटात सापडला.

"वैजू... हे असं कधीपासून?"

"कसं?" तिनं मागं न बघताच विचारलं. "आजा सांगतोय की."

मी दिलीपरावांना हाक मारली. त्यांनी बघितलं. "कीबोर्ड अडकतोय. एंटर आधीच लागतोय. पीठ गेलं असेल." कीबोर्ड बदलला. तेच. मशीन बदललं, तिला दाराजवळच्या कॉम्प्युटरवर बसवलं. तेच. मग मी बसले. मुद्दाम चुकीचं उत्तर टाइप करून बोट एंटरवर धरून ठेवलं. वस्ताद हाताची घडी घालून दगडासारखे उभे. माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्या पोराला बसवलं, तरी दगड. वैजू बसली की बोटं हलणार.

दिलीपराव प्रोग्रॅममधली ओळ न्‌ ओळ वाचत बसले. एंटर दाबल्याशिवाय चित्र हलूच शकत नाही, हे त्यांनी मला तीन वेळा समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी ते मला नव्हे, स्वतःला सांगत होते.

शेवटी मी एक पुठ्ठा घेतला आणि पडद्याचा वस्तादांकडचा भाग झाकला. फळा तेवढा उघडा. "आता सोडव."

पोरीला एकही गणित येईना. चूक, चूक, चूक. प्रत्येक चुकीनंतर ती पुठ्ठ्याकडं बघायची. तिथं मला भीती वाटली, आणि खरं सांगते, ती भुताची नव्हती. परीक्षा तोंडावर आली होती. पोरगी गणित शिकतच नव्हती, ती नुसता आजाचा हात वाचत होती. परीक्षेच्या हॉलमध्ये फळा असणार, आजा नसणार. मग तिसऱ्यांदा नापास, आणि सुईऐवजी शेणाची पाटी.

ती घरी गेल्यावर मी वर्गात एकटीच थांबले. ऊन खिडकीतून आत आलं होतं, खाली गिरणी घरघरत होती. मी सीडी लावली. वस्ताद उभे. आयुष्यात शेकडो वेळा रिकाम्या थिएटरात संवाद म्हटलेत, पण समोरून उत्तर येईल अशी भीती कधी वाटली नव्हती.

"वस्ताद," मी म्हटलं, "तुम्ही आखाड्यात पोराच्या वतीनं कधी डाव टाकलाय का? मग हिच्या वतीनं का टाकताय? सांगू नका तिला. तिचं वाटोळं होईल."

पडद्यावर काही झालं नाही. व्हायला नकोच होतं. मी काही एंटर दाबलं नव्हतं. पण मला ती हाताची घडी आधीपेक्षा जरा घट्ट वाटली. हे माझ्या मनाचे खेळ असतील. ही ओळ वाचकांनी हवी तर सोडून द्यावी.

पुढची ओळ सोडू नये. दुसऱ्या दिवसापासून ते थांबलं. वैजू चुकीचं उत्तर टाइप करायची, बोट एंटरवर धरायची, पडद्याकडं बघत राहायची... वस्ताद हलत नव्हते. हनुवटीसुद्धा नाही. एंटर दाबल्यावर तेवढी हालचाल, जशी सगळ्यांना तशी तिला.

पोरगी ढसाढसा रडली. "आजा रुसला माझ्यावर. मी काय केलं?"

मी तिच्या शेजारी बसले आणि तिला म्हटलं, चल, पहिल्यापासून करू. मला स्वतःला बीजगणित येत नव्हतं. त्यामुळं ती मला समजावून सांगायची, मी शंका काढायचे, आणि माझ्या शंकांना कंटाळून ती शिकली. समोर वस्ताद उभे असायचे. एखादं गणित तिला स्वतःच्या बळावर सुटलं की शड्डू वाजायचा, आणि तो आता वेगळा वाटायचा. आधी पोरगी तो ऐकून नुसती पुढं जायची. आता तिचे डोळे भरून यायचे.

परीक्षेच्या आदल्या दुपारी ती आली आणि दप्तर जमिनीवर टाकलं.

"मॅडम, मी न्हाय जात उद्या."

"का गं बाई?"

तिनं पडद्याकडं बोट केलं. "अजून उभाच हाय. मी तयार झाले असते तर बसला असता. त्याला म्हाईत हाय मी पडणार."

खाली रस्त्यावर तिचा बाप स्कूटर घेऊन उभा होता. तिथूनच ओरडला, "व्हय-न्हाय एकदाचं सांगा बाई. म्हशीला चारा घालायला माणूस बघायचा थांबलोय मी."

आता तिथं मला जे सुचलं ते नाटकवालीलाच सुचतं. समोरच्या नटाची एंट्री चुकली की जसं सांभाळून घ्यायचं असतं, तसं. मी वैजूचा हात धरला आणि पल्लेदार आवाज लावला. "वेडाबाई! बसलेला माणूस घरी राहतो. उभा असलेला माणूस निघालेला असतो. आजा उभा आहे, कारण उद्या त्याला तुझ्याबरोबर यायचंय!"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मग पडद्याकडं बघितलं. दप्तर उचललं आणि निघून गेली. दिलीपराव कोपऱ्यातून म्हणाले, "काय गं थापाडी तू." मी वाकून अभिवादन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गणिताचा पेपर सुरू झाला तेव्हा, आमच्या क्लासमध्ये नववीची मुलं आली होती. त्यांनी सीडी लावली. एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, वस्ताद कुठं गेलं?"

मी जाऊन बघितलं. फळा होता. फळ्यावर गणित होतं. खुर्ची होती, रिकामी. वस्ताद नव्हते. शेजारच्या मशीनवरही नव्हते. सहाच्या सहा पडद्यांवर फळा आणि रिकामी खुर्ची. मुलं उत्तरं टाइप करत होती, बरोबर, चूक असा मजकूर येत होता, पण माणूस नव्हता. दिलीपरावांनी सगळं पुसून परत टाकलं. नाही. मूळ सीडी कपाटातून काढून लावली. नाही. खाली गिरणी बंद होती त्या दिवशी, त्यामुळं त्यांना पीठसुद्धा म्हणता येईना. ते नुसते माझ्याकडं बघत राहिले आणि मी त्यांच्याकडं. माझी कालची थाप आमच्या दोघांच्या मधे उभी होती.

पेपर सुटायची वेळ झाली आणि थोड्या वेळानं तीच मुलगी सहज म्हणाली, "आलं की वस्ताद."

हाताची घडी घालून, जागेवर.

वैजू थेट आमच्याकडंच आली. घाम फुटलेली, पण डोळे चमकत होते. म्हणाली, शेवटच्या प्रश्नात अडकले होते, मग एकदम सुटलं. "आणि मॅडम, मागनं शड्डूचा आवाज आला. मोठ्ठा! सुपरवायझर खेकसलं माझ्यावर, कोण बडवतंय म्हणून. माझं दोन्ही हात बाकावर व्हतं की वो!"

हे तिचं म्हणणं. मी हॉलमध्ये नव्हते, साक्ष देणार नाही. पण पडदे रिकामे होते ते मी बघितलंय, दिलीपरावांनी बघितलंय, आणि नववीच्या पोरांनीही. त्या पोरांना त्यात काही विशेष वाटलं नाही, ही मला सगळ्यात भीतीदायक गोष्ट वाटते.

निकाल लागला. वैजू पास झाली. काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला. पुढं ती नर्स झाली. हल्ली मला इंजेक्शन लागलं तर मी तिच्याकडंच जाते, आणि ती सुई टोचायच्या आधी काही क्षण अगदी स्तब्ध उभी राहते, हाताची घडी घालून. त्या उभं राहण्यानंच निम्मं दुखणं जातं.

निकालानंतर दोन-चार दिवसांनी एका सकाळी मी क्लास उघडला, मशीन सुरू केलं, सीडी लावली... आणि तिथल्या तिथं खाली बसले.

वस्ताद खुर्चीत होते.

पाठ खुर्चीला टेकलेली. फेटा डोक्यावर नव्हता, काढून गुडघ्यावर ठेवलेला, जसं माणूस आपल्या घरी आल्यावर ठेवतो तसा. त्यांचं टक्कल मी कधी पाहिलं नव्हतं, आम्ही कुणीच ते चित्रात काढलं नव्हतं. डोळे मिटलेले. चित्र हलत नव्हतं. एंटर दाबून बघितलं, शड्डू वाजला नाही. पुन्हा कधीच वाजला नाही.

दिलीपरावांनी फायली तपासल्या. हालचालींच्या सहाच फायली. सातवी नव्हती. बसलेल्या माणसाचं चित्र त्या कॉम्प्युटरमध्ये कुठंही नव्हतं, फक्त पडद्यावर होतं. त्यांनी तो प्रोग्रॅम बंद केला, बोटांनी कीबोर्डवरचं पीठ पुसलं आणि पहिल्यांदाच काही निदान केलं नाही. ती सीडी आम्ही पुन्हा कुणाला दिली नाही. मशीनं भंगारात गेली, क्लास बंद झाला. सीडी अजून माझ्या कपाटात आहे, पण नव्या कॉम्प्युटरवर ती चालत नाही आणि चालवून बघायचा मी फार आग्रहही धरत नाही. ज्यांना कॉम्प्युटरमधलं कळतं अशा बऱ्याच जणांना मी हे सांगितलंय. त्यांनी कारणंही दिली, पण सगळ्या गोष्टींना पुरेल असं एकही नाही. माझ्याकडं तर तेवढंही नाही.

फक्त वस्ताद बसले त्याच्या आदल्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. हौसाआजी पेढे घेऊन आली होती. कॉम्प्युटर तिनं कधी बघितला नव्हता. म्हणाली, "मालक ह्यात हाईत म्हनं, दावा की." मी सीडी लावली. वस्ताद नेहमीसारखे उभे, हाताची घडी, भुवई जराशी चढलेली. मला वाटलं म्हातारी हात जोडेल, रडेल. तिनं पदर खोचला, दोन्ही हात कमरेवर ठेवले, पडद्याच्या अगदी जवळ गेली, आणि खाली गिरणीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात कडाडली –

"अवं, पोरगी पास झाली! आता तरी बसा की खाली!"